टंचाई शाखेतले दोन पाय

पंचशीला सोनकांबळेच्या दोन्ही पायांना सरकारी नोकरी लागली. खुर्ची मिळाली, पडदा मिळाला, सत्कारात शाल आणि नारळ मिळाला, आणि वरच्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी जातीनं पाहणी करून त्यांना कामावर ठेवलं.

असं काहीही घडलेलं नाही. त्या कचेरीत कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि सरकारी माणूस इतक्या ठामपणे काही सांगतो तेव्हा आपण मधे तोंड घालू नये. तेव्हा ही न घडलेली गोष्ट पहिल्यापासून ऐका.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि धड पाऊस पडून दोन. जिल्हा नवा, त्यामुळं कचेऱ्या जास्त आणि इमारती कमी. एका कचेरीची टंचाई शाखा म्हणून मोंढ्यातल्या एका बंद पडलेल्या आडतीत भाड्यानं बसवलेली होती. त्या वर्षी मोंढ्यात माल येत नव्हता म्हणून आडत बंद, आणि माल येत नव्हता म्हणूनच टंचाई शाखा उघडलेली. आत शिरलं की अजून करडीचा वास यायचा. उंदीर जुन्या सवयीनं तुरीचा दाणा शोधत यायचे आणि नाइलाजानं अर्ज खाऊन जायचे.

आडतीला छातीएवढा उंच लाकडी काउंटर होता. मालकाच्या आजोबांनी उभ्यानं माल बघता यावा म्हणून तो तेवढा करून घेतला होता. त्यामागं खुर्चीवर बसलं की समोरच्याला बसणाऱ्याचा नुसता भांग दिसायचा, आणि पाण्याचा टँकर मागायला तीस मैलांवरून आलेला माणूस भांगाशी बोलायला तयार नसायचा. त्यामुळं पंचशीला कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभी. अर्ज घ्यायचा, वाचायचा, शिक्का मारायचा, पोच द्यायची, पुढचा अर्ज घ्यायचा.

तिला दिवस गेलेले; पाचवा महिना लागला तसे संध्याकाळी तिचे घोटे दिसेनासे झाले. मग एक दिवस डाव्या गुडघ्यामागं एक निळी रेघ दिसली. नकाशात नदी दाखवतात तशी. त्या साली जिल्ह्यात वाहती असलेली ती बहुधा एकटीच.

दवाखान्यात सिस्टर शिवगंगा होती. उदगीरकडची, बोलायला फटकळ.

"उभं किती राहता?"

"दिवसभर."

"आन् बसता कधी?"

"एसटीत जागा मिळाली तर."

"बाई, पोट वाढतं तसं पायातून वर जाणाऱ्या रक्ताची वाट अडती. रक्त खाली तुंबतं, शिरा फुगतात. तुमच्यात कुणाला हाय का हे? मायला, मावशीला?"

"मायला आहे."

"मग तर तुम्ही लईच जपायला पायजे. घराण्यात असलं की कितीबी जपलं तरी येऊ शकतं, मी खोटं सांगनार न्हाई. पन आपन होऊन त्याला आवतन द्यायचं न्हाई. एका जागी खांबावानी उभं राहू नका. दर थोड्या वेळानं चार पावलं चाला. उभंच राहावं लागलं तर टाचा वर-खाली करा. मांडीवर मांडी टाकून बसू नका, परकराची नाडी ढिली बांधा, झोपताना डाव्या कुशीला. आन् पाय वर घ्या. दिवसातून चार-पाच टायमाला, एका खुर्चीवर तुम्ही आन् एका खुर्चीवर पाय. पट्टी लिहून देते, ती सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच बांधायची, बोटांपासून वर."

"एक खुर्ची मी, एक खुर्ची पाय," पंचशीला म्हणाली.

"हाव. अवघड हाय का?"

"कचेरीत अवघड आहे."

"मूल होन्याहून अवघड?" सिस्टर म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पट्टी नवऱ्यानं आणली. साहेबराव निलंगा आगाराला कंडक्टर. तिकिटं फाडायचीच सवय असल्यामुळं एखादी गोष्ट सरळ गुंडाळायला त्याला चार सकाळी लागल्या, पण तो शिकला. टाचा वर-खाली करणं पंचशीलानं लगेच सुरू केलं. त्यानं दुसराच घोटाळा झाला. काउंटरमागं बाई सारखी उंच होते आणि खाली येते म्हटल्यावर लोकांना वाटलं, ती मागच्या कुणाला तरी बघून राहिली. रांगेतला प्रत्येक जण मागं वळायचा. सगळ्यात मागचा माणूस बिचारा रस्त्यावर जाऊन बघून यायचा.

टाचांनी भागेना. मग तिनं भिंतीकडं पाहिलं.

भिंतीला एक खुर्ची होती. जुन्या जिल्ह्यानं वाटणी देताना पदामागं एक या हिशेबानं खुर्च्या पाठवलेल्या. अव्वल कारकून शेषेराव यांची हातांची खुर्ची, पंचशीलाची बिनहातांची, आणि तिसरी सहायकाची. सहायकाचं पद मंजूर होतं, खुर्ची आली होती, फक्त सहायक आला नव्हता. खुर्चीवर स्वच्छ फडकं टाकलेलं असायचं आणि ग्यानोबा शिपाई ती रोज पुसायचा. तो स्वतः मोडक्या स्टुलावर बसायचा, पण तिच्यावर चुकूनही टेकला नव्हता.

शेषेरावांची निलंग्याकडं चांगली बागायती जमीन होती. पाणी ते घरून तांब्यात आणायचे. कचेरीच्या माठातलं बाधतं म्हणायचे. पंचशीला रुजू व्हायच्या आधी ते बाधत नव्हतं, असं ग्यानोबाचं म्हणणं होतं.

"भाऊसाहेब, ती खुर्ची मला पाहिजे."

"तुमची कुठं गेली?"

"माझी आहे. ती पायांना पाहिजे."

शेषेरावांनी चष्मा काढला. ऐकू कमी आलं की ते चष्मा काढायचे. "कुनाला?"

"पायांना. वर ठेवायचे आहेत. सिस्टरनी सांगितलंय."

"बाई, ती पदाची खुर्ची हाय. पदावर पाय ठेवता?"

"पदावर कुणी नाही."

"आज न्हाई. उद्या आला म्हंजे?"

"आला की उठवते."

"कुनाला?"

"पायांना."

शेषेरावांनी चष्मा परत घातला. "आजपत्तोर बायांनी लेकरं जन्माला घातली, त्यांना काय सरकारनं दोन-दोन खुर्च्या दिल्या होत्या का? आमची माय नऊ महिने शेतात राबली. संध्याकाळी बाळंत झाली."

"पाय कसे आहेत त्यांचे?"

"कुनाचे?"

"तुमच्या आईचे."

 आईचे पाय शेषेरावांनी रोज पाहिलेले होते, पण नमस्कारापुरते. पायांना हात लावायचा असतो, त्यांच्याकडं बघायचं नसतं. "चांगले हायेत," ते म्हणाले. आवाज मात्र चौकशी केल्याशिवाय सही करणाऱ्या माणसाचा होता.

"माझ्या आईचे नाहीत," पंचशीला म्हणाली, आणि खुर्ची उचलली.

पंचशीलाच्या आईचं, पारूबाईचं, असं झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळात उमरीच्या पुढं रस्त्याचं काम निघालं. पारूबाई तेव्हा पंचशीलाच्या धाकट्या भावाच्या वेळी पोटुशी होती. डोक्यावर खडीचं टोपलं घेऊन दिवसभर उभी. बसू का म्हणलं की मुकादम म्हणायचा, "एवढा तासभर दम धर, मग बस." तो तास सात महिने चालला. दहा वर्षांची पंचशीला खडीच्या ढिगावर बसून कामावर वाटलेली सुकडी खात हे बघायची. संध्याकाळी घरी आली की माय जमिनीवर आडवी व्हायची आणि पाय उचलून भिंतीला लावायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पायांनीच मागितलं होतं. तेवढ्यात आजी आतून ओरडायची, "भिंतीला पाय लावतीस? घर उलथं करतीस का?" की माय पाय खाली घ्यायची. घर उलथं झालं नाही. मायच्या पायांवर मात्र करंगळीएवढ्या जाड गाठाळ शिरा चढल्या, डाव्या घोट्यावर जखम झाली, आणि ती अजूनही दर उन्हाळ्यात उघडते.

तेव्हा पाय वर राहणार, एवढं पंचशीलाचं ठरलेलं होतं. प्रश्न फक्त कुणीकडं करून, हा होता. सोळा माणसांच्या सभेलाही सुटला नसता असा तो प्रश्न टंचाई शाखेनं तिघांत सोडवायला घेतला.

काउंटरला पोतं आत-बाहेर करायला एक फट होती. तिथं खुर्ची टाकली तर लोकांना बाईचा चेहरा दिसत होता आणि बाईला अर्ज. बसायची जागा ठरली. पाय पश्चिमेला केले तर समोर लोक उभे. त्यात म्हातारी माणसं, सरपंच, पाटील. शेषेराव म्हणाले, अजिबात नाही. पूर्वेच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी होत्या. तिकडं पाय करायला पंचशीलाच तयार नव्हती.

"दक्षिणेला करते."

"दक्षिण यमाची," शेषेराव काळजीनं म्हणाले. "तुमच्या अशा अवस्थेत..."

"आम्ही छप्पनला धम्म घेतला, भाऊसाहेब. यमाकडं आमचं खातं राहिलेलं नाही."

यम गेला. पण दक्षिणेला माठ निघाला. आता मात्र ग्यानोबा पुढं आला. "बाई, यमाचं बगून घेऊ. पन पान्याकडं पाय नगं. पान्यासाठी इथं मानसं रडून राहिलीत." त्या साली माठाचा मान तसबिरींच्या खालोखाल होता, आणि हे पंचशीलालाही पटलं.

राहिली उत्तर. उत्तरेला शेषेराव स्वतः बसलेले.

 कोपऱ्यात उंदीर कागद कुरतडत होता तेवढाच आवाज.

"माझ्याकडं?" शेषेराव म्हणाले. "तुमचे पाय? माझ्याकडं?"

त्या 'तुमचे' मध्ये बरंच काही होतं. ते पंचशीलानं ऐकलं, ग्यानोबानं ऐकलं, आणि म्हणून झाल्यावर शेषेरावांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुम्हाला नको असतील तर तुम्ही वळून बसा," पंचशीला म्हणाली. "मी वळणार नाही." आणि तिनं तिसऱ्या खुर्चीवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं, दोन्ही पाय वर घेतले, आणि म्हणाली, "पुढचा अर्ज."

शेषेरावांनी दोन दिवस वळून बसून पाहिलं. तसं बसलं की त्यांचं तोंड भिंतीकडं व्हायचं, तांब्या पाठीमागं राहायचा आणि सारखी तहान लागायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून बारदानाची चार पोती शिवून आणली आणि ग्यानोबाला दोरी बांधायला लावली. तिसऱ्या खुर्चीभोवती तिन्ही बाजूंनी पडदा झाला. आता शेषेरावांना पाय दिसेनात, लोकांना दिसेनात. पंचशीलाचे पाय गुडघ्यापासून पुढं सरकारी गोपनीयतेत गेले.

पडद्याआड काही ठेवलं की लोकांना ते मोठं वाटतं. त्याला कुणी काय करणार?

पहिल्यांदा विचारलं ते अण्णाराव सरपंचांनी. निलंग्याकडच्या एका गावचे. पांढरी टोपी, कडक इस्त्री, आणि गेल्या खेपेला 'बाईशी काय बोलायचं, मोठा माणूस बोलवा' असं म्हणून गेलेले. पडदा बघून ते ग्यानोबाला बाजूला घेऊन म्हणाले, "आत काय हाय?"

"सहायकाची खुर्ची."

"पद भरलं का मग?"

ग्यानोबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं विचार केला. "खुर्ची मोकळी न्हाई," तो म्हणाला.

"कोन आलंय? कुठलं?"

"उमरीकडचं मूळ."

"सोभाव कसाय?"

"शांत. एक शब्द बोलत न्हाईत."

"भेटतात का?"

"आजून तरी कुनाला भेटले न्हाईत."

झालं. जो साहेब बोलत नाही, भेटत नाही आणि पडद्याआड बसतो, तो केवढा मोठा असेल! आठवड्याभरात निलंग्यापासून उदगीरपर्यंत गावोगाव झालं की लातूरच्या टंचाईत एक कडक साहेब आलाय. लोक रांगेत शिस्तीनं उभे राहायला लागले. विडी विझवून आत यायला लागले. 'मोठा माणूस बोलवा' हे वाक्य बंद झालं. अर्ज पंचशीलाकडं द्यायचा आणि पडद्याला नमस्कार करून जायचं. एक म्हातारी, सरजाबाई, तर पडद्यासमोर वाकून म्हणाली, "बापा, आमच्या वस्तीवर टँकर येऊ दे, तुझे पाय धुऊन पानी पिईन."

"ते नको, मावशी," पंचशीला घाईनं म्हणाली. "तुमच्या वस्तीचं टिपण गेलंय वर. परवापासून येईल."

खरी गोष्ट अशी की पाय वर असल्यामुळं बाईचं डोकं ताळ्यावर होतं. पूर्वी दुपारनंतर पोटऱ्या ठणकायला लागल्या की तिला अर्जावर गावाच्या जागी गाठाळ शिरा दिसायच्या. आता ती संध्याकाळपर्यंत कामाला जोमदार. मधेच उठायची, मोंढ्याच्या रिकाम्या ओट्यांवरून चार पावलं चालून यायची. टिपणं झपाझप वर जायला लागली. लोक म्हणायचे, नव्या साहेबांचा पायगुण. गुडघ्यामागची रेघ होती तेवढीच राहिली.

अण्णारावांच्या गावाला टँकर लागला तो अर्ज रांगेत पुढं होता म्हणून. पण अण्णाराव असल्या कारणावर विश्वास ठेवणारे नव्हते. ते दुसऱ्या सोमवारी पाच माणसं, शाल, श्रीफळ आणि हार घेऊन सत्काराला आले.

"साहेब सत्कार घेत नाहीत," पंचशीला म्हणाली.

"सगळेच तसं म्हनतात वो," अण्णाराव हसून म्हणाले, आणि ग्यानोबा 'अवो, अवो' म्हणेपर्यंत त्यांनी पडद्याच्या फटीतून हात घालून शाल आत पांघरली. ती दोन्ही पावलांवर नीट बसली. नारळ घोट्यांच्या मधोमध. मग अण्णारावांनी टोपी सावरली, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकून पडद्याला, म्हणजे पंचशीला सोनकांबळेच्या पायांना, नमस्कार केला. मागच्या पाचांनीही केला.

शेषेरावांनी हे सगळं पाहिलं. एखादा माणूस विहिरीत पडताना दिसावा आणि ओरडायचं तर आपणही विहिरीतच आहोत हे कळावं, तसं त्यांचं तोंड झालं.

"साहेब हायेत ना आत?" अण्णाराव जाताना कुजबुजले. "काय हाललं न्हाई."

पंचशीलानं अंगठा हलवला. पडदा किंचित थरथरला. अण्णाराव कृतार्थ होऊन गेले.

"बाई," शेषेराव म्हणाले, "हे लई झालं."

"मी बोलावलं होतं का?" ती म्हणाली. "शाल गरम आहे पण. नारळ तुम्ही घ्या."

शेषेरावांनी घेतला नाही.

आणि मग वरच्या कचेरीतून साहेब येणार असल्याचा निरोप आला. ज्या पदांवर माणसं नाहीत ती पदं खुर्च्यांसकट परत न्यायची, असं वर ठरलं होतं. साहेब स्वतः कचेऱ्या फिरून रिकाम्या खुर्च्या बघत होते. जवळच्या एका शाखेतून त्यांनी दोन पदं आणि एक पंखा नेला होता.

त्या दिवशी पारूबाई उमरीहून आलेली होती. लेकीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली होती आणि माठाजवळ पाय पसरून बसली होती, घोट्याला फडकं बांधून. लुगडं पावलांवर ओढून घेतलेलं. सरकारी माणसांसमोर ती कायम तशीच बसायची, शक्य तितकी लहान होऊन.

"पाय काढा आता," शेषेराव म्हणाले. "साहेब मोंढ्याच्या वळणावर आलेत. तासाभराचा प्रश्न हाय."

"काढले तर खुर्ची रिकामी दिसेल. पद जाईल."

"आन् पाय दिसले तर मी जाईन! काढा म्हंतो ना!"

पारूबाई घाबरली. "घे गं खाली, बाई. मोठी मानसं हायेत. एवढा तासभर. काय हुतंय?"

पंचशीलानं मायकडं पाहिलं. "माय, मुकादम काय म्हणायचा?"

 पारूबाईनं लुगड्याचा काठ हातातून सोडला.

साहेब आले. उंच, घामेजलेले, हातात रुमाल. "सहायकाचं पद रिकामं आहे ना इथं?"

"खुर्ची मोकळी न्हाई, सायेब," ग्यानोबा सवयीनं बोलून गेला.

"नेमणूक तर झाली नाही. बसलंय कोण?" असं म्हणत साहेबांनी पडदा बाजूला केला.

आत शालीत गुंडाळलेले दोन पाय होते. साहेब त्यांच्याकडं आणि पाय साहेबांकडं, असा थोडा वेळ गेला.

"हे काय आहे?"

"पाय आहेत, सर."

"कुणाचे?"

"माझेच."

"खाली घ्या."

"नाही घेत."

शेषेरावांनी टेबलाचा काठ धरला.

"बाई, मी कोण आहे माहीत आहे का? वरिष्ठ समोर उभा आहे आणि तुम्ही पाय वर करून..."

"तुम्ही उभे आहात, सर, कारण तुम्ही गरोदर नाही. मला उभं राहून शिरा फुगवून घ्यायच्या नाहीत. पाय वर ठेवून काम होतं की नाही ते बघा. एक अर्ज मागं राहिलेला दाखवा, लगेच खाली घेते."

"हे शिस्तीला धरून नाही. बायका काय आजच गरोदर राहायला लागल्या? दुष्काळी कामांवर हजारो बायकांनी उभ्यानं काम केलंय. त्यांची तक्रार कधी आली नाही."

तेव्हा पारूबाई उठली. उठायला तिला वेळ लागला. ती साहेबांसमोर आली, घोट्याचं फडकं सोडलं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच परक्या पुरुषांसमोर. पाय घोट्यापासून वर काळाभोर, त्यावर दोरखंडासारख्या शिरा, आणि घोट्यावर उघडी जखम.

"सायेब," ती म्हणाली, "बहात्तर सालचं सरकारी काम हाय हे. उमरीम्होरचा रस्ता आमी केला, त्यो दोन पावसात वाहून गेला. हे मात्र आजून टिकून हाय. बगा. पाहनीच कराया आलाव ना?"

साहेब बघत राहिले. दुसरीकडं कुठं बघावं तर पूर्वेला तसबिरी होत्या.

"तक्रार आली न्हाई म्हंता," पारूबाई म्हणाली. "मी केली हुती. बसू का म्हनून इचारलं हुतं. रोज. त्यो म्हनायचा तासभर दम धर. चौदा वरीस झाले, माझा तास भरला न्हाई आजून. हिचे पाय खाली येनार न्हाईत. तुमी जावा दुसरी खुर्ची बगायला."

आणि तिनं स्वतःच्या हातानं लेकीच्या पायांवरची शाल नीट केली.

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ पुसलं. मग त्यांच्यापुढं एक कामकाजाची अडचण उभी राहिली. खुर्ची रिकामी लिहावी, तर ती रिकामी नव्हती. भरलेली लिहावी, तर कशानं ते लिहावं लागत होतं, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाय हा शब्द सरकारी कागदावर लिहिलेला नव्हता. शेवटी त्यांनी पडदा हळूच होता तसा लावला, अगदी आत कुणी झोपलं असावं तसा, आणि शेषेरावांना म्हणाले, "इथं मी आलो नव्हतो."

"हाव साहेब," शेषेराव म्हणाले. "काही झालंच न्हाई."

साहेब गेले. खुर्ची राहिली, पद राहिलं. माय माठाजवळ परत बसली, या खेपेला लुगडं न ओढता. ग्यानोबानं आपलं स्टूल आणून तिच्या पायांखाली सरकवलं आणि स्वतः पोत्यावर बसला.

शेषेराव बराच वेळ टेबलावरचे कागद इकडून तिकडं करत होते. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "बाई, तुमी रजेवर गेल्यावर या खुर्चीचं कसं करायचं?"

"तुम्ही तुमचे ठेवा."

"माझे? मी काय..."

"शिरा पुरुषांनाही होतात, भाऊसाहेब. लोकांना काय, अंगठा हलल्याशी मतलब."

शेषेराव हसले की खोकले ते पडद्यामुळं कळलं नाही.

पंचशीलानं टाइपरायटर मांडीजवळ ओढला. समोर गावोगावच्या कामांवरच्या मजुरांचे आकडे पडलेले होते. पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. त्यात पोटुश्या किती, यासाठी रकाना नव्हता. नव्या जिल्ह्यात कुठल्यातरी रस्त्यावर या घटकेला कुणीतरी कुणालातरी 'बसू का' विचारत असणार, एवढं मात्र तिला आकड्यांशिवाय कळत होतं. तिनं कागद घातला, पाय शालीत नीट घेतले आणि लिहिलं :

प्रति, मा. वरिष्ठ, यांसी. विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, जिल्ह्यातील प्रत्येक दुष्काळी कामावर प्रत्येक गरोदर मजूर स्त्रीमागे दोन खुर्च्या, पैकी एक सदर स्त्रीस व एक तिच्या पायांस, सावलीसह पुरवण्यात याव्यात. पाय वर असलेल्या वेळेची हजेरी पूर्ण धरण्यात यावी. मुकादमांकडील तास हा साठ मिनिटांचाच असावा, याबाबत त्यांना लेखी समज देण्यात यावी. वरील खुर्च्या प्रत्यक्ष कामावर पोहोचेपर्यंत जिल्ह्यातील दुष्काळास स्थगिती देण्यात यावी व तसे आदेश पावसाकडे आजच्या टपालाने रवाना करण्यात यावेत, ही विनंती.